लेखिका आणि मालकीण : वै. मु. कोदैनायकी अम्माळ यांच्या ‘जगन्मोहिनी’चा तौलनिक विचार

तमिळ वाङ्मयेतिहासाच्या सर्वेक्षणात्मक ग्रंथांत वै. मु. कोदैनायकी अम्माळ (१९०१–१९६०) यांच्या वाट्याला सामान्यतः एक परिच्छेद येतो आणि त्या परिच्छेदात एक आकडा येतो : एकशे पंधरा. एवढ्या कादंबऱ्या त्यांनी लिहिल्या. हा आकडा एकदा नोंदवला की इतिहासकाराची दोन कामे परस्पर होऊन जातात. लेखिकेची दखल घेतली जाते आणि तिला गंभीर विचारातून वगळण्याचे कारणही हाती येते. कारण एवढे लिहिणारी व्यक्ती चांगले लिहू शकत नाही, असा एक अलिखित संकेत आपल्या सर्वच भाषांतील समीक्षेत दृढ झाला आहे. तो संकेत पुरुष लेखकांनाही लागू होतो हे खरे; पण स्त्रियांच्या बाबतीत तो अधिक तत्परतेने लागू केला जातो. कोदैनायकी यांच्या कादंबऱ्यांची संख्या हा त्यांच्या प्रतिभेचा किंवा प्रतिभेच्या अभावाचा पुरावा नाही, तो एका मासिकाच्या अर्थव्यवहाराचा पुरावा आहे. त्या केवळ लेखिका नव्हत्या. ‘जगन्मोहिनी’ या मासिकाच्या संपादक, प्रकाशक आणि मालकीण होत्या. मालकी ही बाब चरित्राच्या तपशिलात जमा करून साहित्यकृतींकडे वळता येत नाही. ती साहित्यकृतींच्या आतली गोष्ट आहे.

आजच्या चेन्नईत या मासिकाचा माग काढायचा तर सुरुवात शहराच्या दक्षिण टोकाकडून करावी लागते, हा एक गमतीचा योग म्हणावा लागेल. जुन्या महाबलिपुरम मार्गावरील सिरुसेरी हे गाव आता ‘सिपकॉट’च्या माहिती-तंत्रज्ञान उद्यानामुळे ओळखले जाते, महाराष्ट्रातून चाकरीसाठी येणाऱ्या तरुण अभियंत्यांनाही हे नाव अपरिचित नाही. याच रस्त्याने उत्तरेला गेले असता तरमणी येथे रोजा मुत्तैया संशोधन ग्रंथालय लागते. कोट्टैयूरच्या रोजा मुत्तैया यांनी आयुष्यभर जमवलेल्या संग्रहातून ते १९९४ साली उभे राहिले. जुन्या तमिळ नियतकालिकांचा, कथापुस्तकांचा, नाटकाच्या जाहिरातींचा, म्हणजे एरवी रद्दीत गेलेल्या मुद्रित संस्कृतीचा अभ्यास त्यावाचून अवघड झाला असता. आणखी उत्तरेला, समुद्रालगत, तिरुवल्लिकेणी, म्हणजेच इंग्रजी अमदानीतील ट्रिप्लिकेन. पार्थसारथी मंदिराचा हा परिसर. ‘द हिंदू’ १८७८ मध्ये येथेच जन्मले आणि सुब्रह्मण्य भारती यांचे अखेरचे दिवस येथेच गेले. ‘जगन्मोहिनी’चे घर याच वस्तीत होते. कोदैनायकी यांचे जन्मगाव नीर्वळूर मात्र कांचीपुरमजवळचे. सिरुसेरी आणि नीर्वळूर ही दोन्ही गावे एके काळी एकाच, जुन्या चेंगलपट्टू जिल्ह्यात मोडत. त्या जिल्ह्यातल्या खेड्यांतून मद्रासच्या ब्राह्मण वस्त्यांत लहान वयात सुना म्हणून येणाऱ्या मुलींपैकी एक, अशीच कोदैनायकी यांची प्रारंभिक ओळख आहे.

त्यांचा विवाह साडेपाचव्या वर्षी वै. मु. पार्थसारथी यांच्याशी झाला. नावाआधीची ‘वै. मु.’ ही आद्याक्षरे सासरची. शाळेत त्या गेल्या नाहीत. वाचन शिकल्या ते विवाहानंतर, घरातच. पती नाटके पाहायला घेऊन जात. घरातल्या आणि शेजारच्या मुलांना गोष्टी सांगण्याचा त्यांना नाद होता. पहिले नाटक ‘इंदिरा मोहना’ मनात तयार झाले तेव्हा ते कागदावर उतरवण्याइतके लेखन त्यांना येत नव्हते. त्यांनी ते पट्टम्माळ नावाच्या मैत्रिणीला सांगितले आणि तिने ते लिहून घेतले. १९२४ मध्ये हे नाटक छापले गेले.

मराठी वाचकाला हे सारे ओळखीचे वाटेल. काशीबाई कानिटकर (१८६१–१९४८) यांचा विवाह नवव्या वर्षी झाला आणि त्याही सासरी आल्यावर, घरच्यांचा रोष पत्करून वाचायला शिकल्या. गोविंदराव कानिटकरांना शिकलेली पत्नी हवी होती. पार्थसारथींनाही पत्नीच्या कथनशक्तीचे कौतुक होते. परंतु साम्य येथे संपते, आणि ते जेथे संपते तेथूनच तुलना उपयुक्त होऊ लागते. काशीबाईंची ‘रंगराव’ ही कादंबरी ‘मनोरंजन आणि निबंधचंद्रिका’ या मासिकातून १८८६ पासून क्रमशः येऊ लागली. पुस्तकरूप तिला १९०३ साली मिळाले. मधली सतरा वर्षे ही काशीबाईंच्या आळसाची वर्षे नव्हेत. मासिक दुसऱ्यांचे, छापखाना दुसऱ्यांचा, आणि प्रकरण पूर्ण करण्याची निकड लेखिकेच्या घरकामाशी स्पर्धा करणारी, अशा व्यवस्थेत कादंबरी रेंगाळते. कोदैनायकी यांनी पहिले नाटक छापल्यानंतर एका वर्षातच, १९२५ मध्ये, बंद पडलेले ‘जगन्मोहिनी’ हाती घेतले आणि त्यात ‘वैदेही’ ही कादंबरी क्रमशः सुरू केली. या प्रारंभीच्या लेखनावर वडुवूर दुरैस्वामी अय्यंगार या लोकप्रिय कादंबरीकाराने हात फिरवला आणि पुढे कोदैनायकी यांनी ती मदत बाजूला सारून स्वतःच लेखन पुढे नेले, असे सांगितले जाते. त्यानंतर सुमारे पस्तीस वर्षे हे मासिक त्यांच्या नावाने चालले.

एकशे पंधरा कादंबऱ्या पस्तीस वर्षांत विभागल्या तर वर्षाला तीनहून अधिक पडतात. मासिकाची मालकीण आणि मासिकाची मुख्य कादंबरीकार एकच असेल तर हा वेग ऐच्छिक राहत नाही. वर्गणीदार पुढल्या प्रकरणासाठी वर्गणी भरतो. प्रकरण चुकले तर वर्गणी चुकते. क्रमशः आलेली कादंबरी नंतर पुस्तकरूपाने विकायची आणि त्या पुस्तकांच्या वाचकांना पुन्हा मासिकाकडे आणायचे, असे हे चक्र. कादंबरी येथे मासिकाचा मजकूर आहे आणि मासिकाचे भांडवलही आहे.

या व्यवस्थेला मराठीत एक नेमका समांतर आहे, आणि तो पुरुष लेखकाचा आहे. हरि नारायण आपटे यांनी १८९० साली ‘करमणूक’ सुरू केले व १९१७ पर्यंत चालवले. ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी त्याच साप्ताहिकातून क्रमशः आली. आपट्यांच्या कादंबऱ्यांचा पाल्हाळ, प्रकरणांच्या अखेरीस ताणलेली उत्कंठा, वाचकाशी थेट बोलण्याची लकब या गोष्टींचा संबंध साप्ताहिकाच्या गरजेशी आहे, हे मराठी समीक्षेने फार पूर्वी ओळखले आणि त्यांना त्याबद्दल उदारपणे क्षमाही केली. साप्ताहिक चालवूनही ते मोठे कादंबरीकार ठरले. कोदैनायकी यांना मासिक चालवल्यामुळे लहान ठरवले गेले. दोघांच्या कलागुणांत अंतर आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. ‘यमू’च्या तोडीचे व्यक्तिचित्र ‘जगन्मोहिनी’च्या पानांवर सापडेल असा दावा कोणी करू नये. पण एकाच्या बाबतीत नियतकालिक हे निमित्त मानले जाते आणि दुसरीच्या बाबतीत तोच दोष, हा न्याय तपासून पाहायला हवा. यमूच्या आत्मकथनातला स्त्रीस्वर पुरुषाने रचला होता, ही गोष्टही या संदर्भात विसरता येत नाही.

दोन्ही भाषांतील कादंबरीचे पूर्वसंस्कार ध्यानात घेतले म्हणजे हे नाते अधिक स्पष्ट होते. आपट्यांची ‘मधली स्थिती’ (१८८५) ही इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्स याच्या कादंबरीच्या छायेत लिहिली गेली. तमिळमध्ये आरणी कुप्पुस्वामी मुदलियार यांनी त्याच रेनॉल्ड्सला ‘तमिळ’ करून विसाव्या शतकाच्या आरंभी अफाट वाचकवर्ग मिळवला, जे. आर. रंगराजु आणि वडुवूर हे त्याच वाटेचे प्रवासी. ए. आर. वेंकटाचलपति यांनी तमिळ पुस्तकव्यवहाराच्या आपल्या अभ्यासात कादंबरीवाचनाने स्त्रिया बिघडतील या त्या काळच्या भीतीचा तपशीलवार विचार केला आहे. कोदैनायकी याच बाजारात उतरल्या आणि त्यांनी एक चतुर उलटापालट केली. ज्या वाचकवर्गाविषयी भीती बाळगली जात होती, त्याच वर्गातील स्त्री कादंबरी विकू लागली. रहस्य, वियोग, कारस्थान, योगायोग हा सारा जुना सरंजाम त्यांनी ठेवला. त्यात बालविवाह, हुंडा, विधवेचे जिणे, दारू, खादी, स्त्रीशिक्षण हे विषय भरले. घरातल्या ज्येष्ठांनी मुलीच्या हाती मासिक द्यावे एवढे सोवळेपण आणि मुलीने ते शेवटपर्यंत वाचावे एवढी उत्कंठा, या दोहोंचा तोल त्यांना दरमहा साधायचा होता.

स्त्रीने नियतकालिक चालवणे ही मद्रासमध्ये अपूर्व गोष्ट नव्हती. कमला सत्यनाधन यांनी ‘द इंडियन लेडीज मॅगझिन’ १९०१ मध्येच सुरू केले होते. विमेन्स इंडियन असोसिएशनचे ‘स्त्री धर्म’ही याच शहरातून निघे. पण पहिले इंग्रजी शिकलेल्या वर्गासाठी होते आणि दुसरे एका संघटनेचे मुखपत्र. वर्गणीदारांच्या पैशावर, तमिळमध्ये, कादंबरीच्या जोरावर दीर्घकाळ चाललेला व्यवसाय हे ‘जगन्मोहिनी’चे वेगळेपण आहे. मराठीकडे पाहिले तर वेगळेच चित्र दिसते. तानुबाई बिर्जे यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पती वासुदेवरावांच्या निधनानंतर सत्यशोधकांच्या ‘दीनबंधू’ची धुरा वाहिली, परंतु ते वर्तमानपत्र होते, चळवळीचे होते, आणि त्याची जबाबदारी वैधव्यासोबत आली होती. स्त्रियांचे म्हणून जे मासिक मराठी घरांत रुजले ते ‘स्त्री’, ते १९३० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी सुरू केले. पुढे शांताबाई किर्लोस्कर आणि विद्या बाळ यांनी त्याचे संपादन केले, पण ते किर्लोस्कर समूहाचे मासिक होते. विद्याताईंनी १९८६ मध्ये ‘स्त्री’ सोडले आणि १९८९ साली ‘मिळून साऱ्याजणी’ काढले. संपादकाची खुर्ची आणि मासिकाची मालकी यांत किती अंतर आहे, ते मधल्या तीन वर्षांतून जितके कळते तितके सिद्धांतांतून कळत नाही. कोदैनायकी यांनी ते अंतर १९२५ मध्ये ओलांडले होते. अर्थात त्यांच्या मागे पतीची साथ होती आणि जातीने दिलेली सुरक्षितताही होती. त्या जोरावरच हे शक्य झाले, हे मान्य करूनच पुढे जावे लागते.

मालकीने लेखिकेला काय दिले, हा प्रश्न यानंतर येतो. स्वातंत्र्य दिले, हे सहज सुचणारे उत्तर अपुरे आहे. येथे एक मराठी उदाहरण उपयोगी पडते. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झाले. लेखिकेने विभावरी शिरूरकर हे नाव धारण केले आणि ह. वि. मोटे या प्रकाशकाने त्या नावामागची व्यक्ती लपवून ठेवली. मालतीबाई बेडेकर (तेव्हाच्या बाळूताई खरे) यांच्याजवळ मासिक नव्हते, छापखाना नव्हता, स्वतःचे नाव उच्चारण्याचीही सोय नव्हती. त्याच वर्षांत तिरुवल्लिकेणीत कोदैनायकी यांचे नाव दरमहा मुखपृष्ठावर जात होते. आणि तरीही सुशिक्षित अविवाहित स्त्रीच्या देहमनाची जी कोंडी विभावरींनी शब्दांत पकडली, तिच्या जवळपासही ‘जगन्मोहिनी’ गेली नाही. टोपणनावाआड लपलेल्या लेखिकेला जे बोलता आले ते स्वतःच्या मासिकाच्या मालकिणीला बोलता आले नाही. कारण विभावरींना एकदाच बोलायचे होते. कोदैनायकी यांना पुढच्या महिन्यातही त्याच घरांत जायचे होते. संपादकाची कात्री त्यांच्यावर नव्हती, पण वर्गणीदाराचे घर होते. आणि ते घर म्हणजे सासू, सासरे, नवरा, सोवळे आणि देवघर यांसकट सबंध घर. स्त्रीसाहित्याच्या अभ्यासात मालकीकडे मुक्तीचे साधन म्हणून पाहण्याची जी प्रवृत्ती आहे, तिला हे उदाहरण अडचणीचे ठरते.

ही मर्यादा जातीच्या अंगाने आणखी ठळक होते. कोदैनायकी यांनी मासिक घेतले त्याच वर्षी, १९२५ मध्ये, पेरियार यांचे ‘कुडि अरसु’ ईरोडहून निघू लागले. स्वाभिमान चळवळीने विवाह, पुरोहित, पातिव्रत्य या संस्थांवरच घाव घातला. त्या चळवळीशी जोडलेल्या, देवदासी प्रथेचा जाच स्वतः भोगलेल्या मूवलूर रामामृतम अम्माळ यांनी १९३६ मध्ये ‘दासिगळ मोसवलै’ ही कादंबरी लिहिली. कोदैनायकी यांच्या कादंबऱ्यांत सुधारणा होते ती घराच्या आत, मनपरिवर्तनाने. दुष्ट सासू विरघळते, वाट चुकलेला पती परततो. रामामृतम यांच्या लेखी ज्या घरात परतायचे तेच घर संशयास्पद आहे. एका कादंबरीने एकशे पंधरांना दिलेले हे उत्तर तौलनिक अभ्यासकाने शेजारी ठेवूनच वाचायला हवे. केवळ ‘तमिळ स्त्रीलेखन’ अशा एका कप्प्यात दोघींना बसवून चालणार नाही.

परंतु कोदैनायकी यांच्या जीवनात असा एक भाग आहे की जेथे त्या आपल्या कादंबऱ्यांपेक्षा पुढे गेल्या. १९२५ मध्ये मद्रासला आलेल्या गांधीजींची भेट झाल्यावर त्यांनी रेशीम व दागिने सोडून खादी स्वीकारली. एस. अंबुजम्माळ, रुक्मिणी लक्ष्मीपती यांच्यासोबत त्या सभांतून बोलू लागल्या, गाऊ लागल्या. त्यांचा गळा गोड होता आणि वक्तृत्व कथाकथनात घडलेले. भारतींची गीते त्या व्यासपीठावरून गात. १९३१ मध्ये दारूच्या दुकानापुढे निरोधन केल्याबद्दल त्यांना तुरुंगवास झाला. १९३२ मध्ये विदेशी कापडाच्या बहिष्कारात पुन्हा. ‘उत्तमशीलन’ ही कादंबरी त्यांनी कारागृहात लिहिली. राजकीय कैदेतही पुढील प्रकरणाची चिंता सुटत नाही, हे मालकिणीचे वास्तव त्यात दिसते. कर्नाटक संगीताच्या क्षेत्रात ब्राह्मण घरातील मुलीने सभेत गाणे अनुचित समजले जाई. त्या काळात डी. के. पट्टम्माळ या तरुण गायिकेला सार्वजनिक मैफलीकडे वळवण्यात कोदैनायकी यांच्या आग्रहाचा वाटा होता. कादंबरीतील नायिकेला त्या जे करू देत नव्हत्या ते प्रत्यक्षातील मुलीला करायला लावत होत्या. गद्य आणि व्यासपीठ यांच्यातली ही तफावत दांभिकपणाची नव्हे. व्यासपीठाला वर्गणीदार नसतात.

चित्रपटाने या कथांचा बाजार आणखी विस्तारला. ‘अनादै पेण्’ (१९३८) हा बोलपट त्यांच्या कादंबरीवर आधारलेला होता. मृत्यूनंतर सहा वर्षांनी आलेला, के. एस. गोपालकृष्णन दिग्दर्शित ‘चित्ती’ (१९६६) त्यांच्या ‘दयानिधी’वरून घेतला गेला. त्याच काळात मासिकाचे आयुष्य मात्र आकसत गेले. एस. एस. वासन यांच्या हाती गेलेले ‘आनंद विकटन’ आणि १९४१ पासूनचे ‘कल्कि’ यांनी क्रमशः कादंबरीला व्यंगचित्रे, विनोद, ऐतिहासिक भव्यता आणि मोठ्या भांडवलाची जोड दिली. दुसऱ्या महायुद्धात कागदावर नियंत्रणे आली. का. श्री. श्री. यांच्या अनुवादांमुळे वि. स. खांडेकर तमिळ घरांत स्वतःच्या लेखकासारखे वाचले जाऊ लागले, आणि ध्येयवादी भावुकतेचे जे दालन ‘जगन्मोहिनी’चे होते त्यात एका मराठी लेखकाने जागा मिळवली. ‘मणिक्कोडि’ परंपरेतील नवकथाकारांना तर या सगळ्याच लोकप्रिय व्यवहाराचा तिटकारा होता. एका व्यक्तीच्या लेखणीवर आणि घरावर उभ्या असलेल्या मासिकाला या स्पर्धेत टिकण्याचा मार्ग नव्हता. १९४८ मध्ये कोदैनायकी यांनी तिरुवल्लिकेणीत महात्माजी सेवा संघ स्थापन केला व सामाजिक कार्यात अधिक लक्ष घातले. १९५६ साली त्यांचा पुत्र श्रीनिवासन निधन पावला. २० फेब्रुवारी १९६० रोजी क्षयाने त्यांचा अंत झाला. आपट्यांचे ‘करमणूक’ त्यांच्या हयातीतच थांबले, पण कादंबऱ्या पाठ्यपुस्तकांतून जगल्या. ‘जगन्मोहिनी’ संस्था बनू शकली नाही आणि तिच्या कादंबऱ्यांना विद्यापीठही मिळाले नाही.

या कादंबऱ्या आज पुस्तकरूपात वाचताना त्यांतला बराच भाग निसटतो, याचे कारण येथेच आहे. प्रकरणाच्या अलीकडे-पलीकडे काय छापले होते, त्याच अंकात दारूबंदीवर काय लिहिले होते, कोणत्या औषधाची जाहिरात होती, वाचक-भगिनींना उद्देशून मालकीण काय म्हणत होती, हे सारे मिळून ‘जगन्मोहिनी’चा पाठ बनतो. पुस्तकात उरते ती कादंबरी म्हणजे त्या पाठातून कापून काढलेली पट्टी. ती पट्टी सैल, पुनरुक्त, भाबडी वाटते. अंकात तीच प्रकरणे एका चालू संभाषणातली वाक्ये होती. मौखिक कथनाचा पोत या गद्याला शेवटपर्यंत चिकटून राहिला आहे, आणि त्या दृष्टीने ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांची आठवण होणे स्वाभाविक आहे. मात्र लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आलेला विनोद कोदैनायकी यांच्याकडे फारसा नाही.

एक छोटी बाब नोंदवण्याजोगी आहे. कोदैनायकी यांच्या चरित्रात पट्टम्माळ नावाच्या दोन स्त्रिया येतात. एक, पुढे संगीतजगतात अजरामर झालेली गायिका. दुसरी, शेजारची मैत्रीण. अक्षरे गिरवता न येणाऱ्या एका तरुण सुनेने नाटक सांगितले तेव्हा तिने हातात लेखणी घेतली होती. तिच्याविषयी याहून अधिक काही लिहिले गेलेले नाही. ‘इंदिरा मोहना’चे हस्तलिखित तिच्या अक्षरात होते.